अंगण नसलेली अंगणवाडी

'अंगणवाडी' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो कुणीतरी मुद्दाम तयार केला असेल असं डोक्यातही येत नाही. ओसरी, देवघर, पाणवठा यांच्यासारखा तो पूर्वापार चालत आलेला वाटतो. प्रत्यक्षात त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि तो घडला आपल्याच जिल्ह्यात. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला आणि डहाणू तालुक्यातली बोर्डी आणि कोसबाडची टेकडी आम्हा ठाणेकरांच्या हातून गेली. (मी डोंबिवलीची. पण जिल्हा म्हटला की आम्हीही ठाणेकरच. फक्त ठाण्याची माणसं ते मान्य करत नाहीत.)

सध्या आमच्या घरात रोज एकेक पराक्रम चालू असतात. लेक पावणेतीन वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिने आपल्या फ्रॉकचं बटण स्वतः लावलं. एकच, आणि तेही चुकीच्या काजात. पण सोडवायला गेलं की "नको, मीच लावलंय" म्हणून भोकाड. वाटीतलं वरण न सांडता ताटात ओतणं जमलंय. चपला घालता येतात, पण हमखास उलट्या. नवरा या सगळ्याचे फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि नाशिकहून आत्या, पुण्याहून मावशी लगेच अंगठे पाठवतात. सासूबाई मात्र परवा म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो बटणांचं असं कौतुक. मूल जगलं-वाचलं की झालं."

हे वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस फिरत राहिलं. कारण त्यात तक्रार नव्हती, हिशोब होता.

आपल्याकडचे जुने टप्पे आठवून बघा. बारसं, कान टोचणं, उष्टावण, जावळ, बोरन्हाण. गोड आहेत सगळे, मीही हौसेने केले. पण यातला एकही टप्पा मूल स्वतः काही करतं म्हणून नाही. सगळं मोठी माणसं मुलाला करतात. बोरन्हाणात हलव्याचे दागिने आपण घालतो, बोरं आपण ओततो, मूल बिचारं बावरून बघत असतं. हे सोहळे म्हणजे 'इथवर आलं बरं का' अशी पोच असायची. आणि इथवर येणं सोपं नव्हतं. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ पहिल्या वाढदिवसाच्या आत जायची. आता हा आकडा २५ च्या आसपास आहे. जुन्या पिढ्यांत दगडू, धोंडू, भिकू अशी नावं का ठेवत, तर आधीची मुलं दगावलेली असायची आणि या तरी मुलाकडे कुणाची नजर जाऊ नये म्हणून. नवसाच्या मुलाला दगड म्हणणाऱ्या आईला बटणाचं कौतुक करायला धीर कुठून होणार?

इथे एका मुलीचं नाव सांगायलाच हवं. ॲना डस्टहॉल. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तिला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानात यशस्वी ठरलेली पहिली लस. वय वर्षं तीन. तिच्या दंडावरच्या फोडातून लस घेऊन पुढे इतर मुलांना टोचली गेली. आमच्या लेकीला डोस द्यायला नेते तेव्हा तिच्या किंकाळ्या ऐकताना मला हटकून ही ॲना आठवते. तिच्या आईला काय वाटलं असेल, कुठेही लिहिलेलं नाही.

तर मूल जगणार याची थोडी खात्री वाटायला लागल्यावरच ते स्वतः काय करतंय याकडे बघायला मोठ्यांना सवड मिळाली, असा माझा तर्क. हे 'बघणं' सुरू केलं त्यात पहिलं नाव मारिया माँटेसरींचं. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. त्यामागची गोष्ट फारच ओळखीची आहे. नव्याने दुरुस्त केलेल्या इमारती, आई-बाप दोघं कामावर, आणि मागे राहिलेली पोरं जिन्यात धुडगूस घालून भिंती खराब करतात म्हणून इमारतवाले वैतागलेले. पोरांना कुठेतरी कोंडा म्हणून जागा दिली, त्यात एवढं मोठं काम उभं राहिलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना हे सांगितलं पाहिजे. :-)

ही कल्पना आपल्याकडे रुजवली गिजुभाई बधेकांनी. ते व्यवसायाने वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याच्याकडे बघता बघता हा माणूस बदलला. पुढे वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. लोक त्यांना 'मुछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. फोटो टाकणाऱ्या आजच्या बाबांना मी गिजुभाईंचे वारस समजते.

त्यांच्याकडे गेल्या आपल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबईचा. शिकलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी लहान मुलगी. त्या काळी हे तीन शब्द एका ओळीत यायचे म्हणजे काय, ते मी लिहायला नको. भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथे शिकायला मुलं येत ती आपल्यासारख्यांच्या घरची. स्वच्छ, इस्त्रीची, डबा घेऊन येणारी. बाई तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण, मग पुण्यात शिक्षिकेची नोकरी. ती सोडून त्या आल्या. स्वतःचं मूल नाही, आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांची मुलं.

साल लक्षात घ्या. १९४५ च्या मे महिन्यातच त्याच पट्ट्यात, उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारली शेतमजूर हजारोंनी जमले होते आणि वेठबिगार करणार नाही असं ठरवून उठले होते. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ते सगळं लिहिलंय. बापाला सावकाराच्या शेतावर फुकट राबावं लागत होतं, अशा ठिकाणी या दोघी तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी शाळा काढायला निघाल्या होत्या. मला हे धाडस कधी कधी वेडेपणाचं वाटतं.

आणि शाळा काढली तर मुलं येईनात. का येतील? पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड, मोठ्या मुलाच्या मागे गुरं, आई-बाप पहाटेच कामावर. कुणाच्या अंगावर कपडा नाही, म्हणून यायची लाज. आपण असतो तर म्हटलं असतं, या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. या दोघींनी उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. माँटेसरींची ती सुबक, महागडी साधनं कुठून आणणार? शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पानं, बिया घेतल्या. मोजणी चिंचोक्यांनीही शिकता येते. (आमच्याकडे लेकीसाठी आलेला लाकडी मण्यांचा परदेशी संच कोपऱ्यात पडून आहे आणि ती तासन् तास राजम्याचे दाणे या डब्यातून त्या डब्यात टाकत बसते. ताराबाईंना आश्चर्य वाटलं नसतं.)

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र ठेवली. कारण साधं आहे. कडेवरचं बाळ ठेवायला जागा मिळाली तरच ती ताई वर्गात बसणार. आणि गुरांमागे जाणारी पोरं येणारच नाहीत म्हटल्यावर शिक्षक कुरणात गेले, तिचं नाव कुरणशाळा. मला या सगळ्या खटाटोपात शिक्षणशास्त्रापेक्षा व्यवहारातली अक्कल जास्त आवडते. मूल शाळेत का नाही, तर त्याच्या कडेवर कोण आहे ते बघा.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. त्या गेल्यावर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभरात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत. म्हणजे मणिपूरपासून केरळापर्यंतच्या सरकारी कागदांवर डहाणूच्या वस्तीतलं अंगण आहे. ती चालवणाऱ्या ताईंना मात्र आजही पगार नाही, 'मानधन' मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला, आणि डिसेंबर २०२३ पासून कित्येक आठवडे महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताई संपावर होत्या. मान आणि धन हे दोन शब्द जोडून नेमकं दोन्ही कसं टाळायचं, हे आपल्या सरकारांकडून शिकावं.

आता आमच्या गावाकडे येते. ठाण्याला आगगाडी १८५३ मध्ये आली, कल्याणला १८५४ मध्ये, आणि तेव्हापासून इथली माणसं सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी घराकडे अशी वाहतच आहेत. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या तशी त्यांचीही गर्दी झाली. १९९२ साली कल्याणहून लेडीज स्पेशल सुरू झाली. (अनुताई गेल्या त्याही १९९२ च्या सप्टेंबरात.) आई ७.१२ च्या गाडीला, तर बाळ कुठे? आजी गावाला किंवा स्वतःच नोकरीत. याचं उत्तर आमच्या डोंबिवलीत कुठल्या योजनेने दिलं नाही. ते तळमजल्यावरच्या, पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दिलं. एक खोली, चटया, जाळीचं दार, दुपारचा वरणभात. कोपऱ्याकोपऱ्यावर पोळीभाजी केंद्रं आणि गल्लीगल्लीत पाळणाघरं, यांच्या जिवावर आमची डोंबिवली मुंबईला माणसं पुरवते.

कायद्याने आम्हाला थोडी मदत केलीय. मुंबई प्रांतात प्रसूती रजेचा कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला पहिला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे दिले आणि २०१७ मध्ये त्याचे २६ झाले. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. म्हणजे उष्टावण आईच्या हातून होतं, रांगणं पाळणाघरात. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या ऑफिसने पाळणाघराची सोय करावी असंही २०१७ पासून कायद्यात आहे. पण समजा केलीही, तरी त्या गर्दीत तान्हं घेऊन चढणार कोण?

आमच्या काकूंकडे एक जुनी बँकेची डायरी असते. प्रत्येक मुलाचं एक पान. "२ पोळ्या. झोप १ ते ३. शी नाही. चप्पल स्वतः घातली (उलटी)." किंवा "आज रडणाऱ्या बाळाला स्वतःहून खुळखुळा दिला." लेकीची पहिली चार पावलं कुठल्या दिवशी पडली ते मला त्या डायरीतून कळलं, आणि त्या दिवशी कल्याणच्या पुढे गाडी अडकली होती म्हणून मी नऊला पोचले होते हेही शेजारी लिहिलेलं होतं. मी एकदा विचारलं, काकू, हे लिहायची सवय कशी लागली? म्हणाल्या, लग्नाआधी बालवाडीचा कोर्स केला होता, तेव्हा त्यांची सहल कोसबाडला गेली होती. "त्यांनी सांगितलं होतं, मुलाला शिकवण्याआधी बघायला शिका. तेवढंच लक्षात राहिलंय, बाकी सगळं विसरले."

काकूंची इमारत धोकादायक ठरली आहे. चाळीस वर्षांची, रिडेव्हलपमेंटला जाणार. त्या बदलापूरला लेकाकडे जातायत आणि पाळणाघर या महिनाअखेरीला बंद. आठ मुलं होती, आठही आया आता शोधात आहेत. गेल्या रविवारी मी तीन ठिकाणं बघून आले. एके ठिकाणी चार कॅमेरे आणि मोबाइलवर दिवसभर मूल बघायची सोय होती. डायरीबद्दल विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, मॅडम, सगळं रेकॉर्ड होतं. दुसरीकडे पावणेतीन वर्षांच्या मुलीला अक्षरं कधी येणार याचं वेळापत्रक छापून दिलं. तिसरीकडे एक आजी होत्या, जागा अंधारी, पण त्यांनी लेकीला बटाटे निवडायला बसवलं आणि ती अर्धा तास उठली नाही. जाताना चपला उलट्या घातल्या तर आजी म्हणाल्या, "असू दे, जिना उतरेपर्यंत तिलाच कळेल."

नवऱ्याला कॅमेरेवाली बरी वाटते. आमचा निर्णय अजून झालेला नाही. पूर्वेला, स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या आत, सकाळी सातला उघडणारं कुठलं पाळणाघर तुम्हाला माहीत असेल तर जरूर कळवा. तीस तारखेपर्यंत.