दवाखाना कुणाचा, तिजोरी कुणाची? : वऱ्हाडातील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

अमरावतीत कुठल्याही ऑटोवाल्याला 'जिल्हा सामान्य रुग्णालयात चला' म्हटले तर तो क्षणभर थांबतो आणि 'इर्विनमध्ये का?' असे विचारतो. स्त्रियांचे रुग्णालय म्हणजे 'डफरीन', आणि अकोल्यात तेच 'लेडी हार्डिंग'. व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नी यांची ही नावे वऱ्हाडी तोंडात इतकी रुळली आहेत, की त्यांचा परकेपणा कुणाला जाणवतही नाही. वस्तुतः ज्या डफरीन निधीमुळे हे नाव देशभर पसरले, तो १८८५ साली स्थापन झालेला निधी मुख्यतः देणग्या आणि वर्गण्या यांवर उभा होता. नाव सर्वोच्च सत्तेचे आणि पैसा बव्हंशी इतरांचा, अशी ही व्यवस्था होती. आरोग्यसेवेचा खर्च केंद्राने किती करावा आणि राज्याने किती, हा आजचा वाद अर्थसंकल्पाच्या भाषेत मांडला जातो. साहित्याच्या अभ्यासकांना तो रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि वऱ्हाडच्या इतिहासात या प्रश्नाला जी वळणे लाभली, ती पाहिली तर हा केवळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही, असे आम्हांला वाटते.

आरंभ १८५३ पासून करणे क्रमप्राप्त आहे. त्या वर्षीच्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे आधुनिक प्रशासनात वऱ्हाडचा प्रवेश झाला तोच मुळी दुसऱ्या कुणाच्या खर्चाचे तारण म्हणून. खर्च भागून उरलेली शिल्लक निजामाला द्यायची आणि हिशेबही दाखवायचा, अशी मूळ अट होती. १८६० च्या तहात हिशेब दाखवण्याचे बंधन गेले, शिल्लक देण्याचे राहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे याच दशकात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कापूस आणि जमीन यांतून येणारा महसूल कुणाचा आणि त्यातून दवाखाना, शाळा, रस्ता यांवर किती खर्चायचे, हे ठरवताना वऱ्हाडातील माणसाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९०२ साली सालीना २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला.

उर्वरित ब्रिटिश हिंदुस्थानात दरम्यान एक महत्त्वाची घटना घडली होती. डिसेंबर १८७० च्या ठरावाने लॉर्ड मेयो यांनी तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते यांच्याबरोबर वैद्यकीय सेवाही प्रांतांकडे सोपवली आणि त्यासाठी ठरावीक रक्कम नेमून दिली. या व्यवस्थेचा सर्वांत चिकित्सक अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला, ही गोष्ट मराठीच्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांच्या ग्रंथात या वाटचालीचे तीन टप्पे दाखवले आहेत : आधी नेमून दिलेली रक्कम, मग नेमून दिलेले महसूल आणि शेवटी वाटून घेतलेले महसूल. आजच्या वित्त आयोगांची परिभाषा बदलली आहे. पण वरून रक्कम द्यावी, उत्पन्नाचे साधन द्यावे की उत्पन्नातला वाटा द्यावा, हा पेच तोच आहे.

१९१९ च्या सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय प्रशासन ही खाती 'सोपीव' ठरली, म्हणजे ती लोकांनी निवडलेल्या सभासदांतून आलेल्या मंत्र्यांकडे गेली. अर्थखाते मात्र राखीव राहिले. त्याच वेळी मेस्टन समितीने प्रांतांनीच केंद्राला वर्गणी द्यावी असे ठरवले. एकूण ९८३ लाखांपैकी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला २२ लाख आले. ही वर्गणी १९२८ पर्यंत बंद झाली. परंतु तिचा काळ ध्यानात घ्यावा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने ज्या प्रांतांना सर्वाधिक झोडपले, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. त्या साथीला दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच आरोग्याची जबाबदारी प्रांताकडे आली आणि प्रांताचा पैसा केंद्राकडे निघाला. प्रांताच्या आतही भांडण होतेच. वऱ्हाडचा महसूल मध्यप्रांतावर खर्च होतो, ही इथल्या पुढाऱ्यांची जुनी तक्रार होती आणि खर्चाच्या वाटणीसाठी सिम समितीचे सूत्र आणावे लागले. केंद्र आणि प्रांत यांच्या भांडणात 'प्रांत' हे एकसंध अस्तित्व मानता येत नाही, हा धडा वऱ्हाडने तेव्हाच गिरवला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता. रुग्णालये व दवाखाने' ही नोंद राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर आली. साथींचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा फैलाव रोखणे समवर्ती सूचीत गेले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंबनियोजन हे विषयही समवर्ती केले. यातून जी व्यवस्था आकाराला आली, तिचे चित्र उपकेंद्राच्या खोलीत दिसे. एकाच उपकेंद्रातील परिचारिकेचा पगार बहुतांशी केंद्राच्या कुटुंबकल्याणाच्या पैशातून आणि पुरुष आरोग्यसेवकाचा राज्याच्या पैशातून येई. गावकऱ्यांच्या लेखी दोघेही 'सरकारी'. पण एका खोलीत दोन सरकारे बसलेली असत आणि राज्याचा हात आखडला की त्यांपैकी एक खुर्ची रिकामी राही.

राज्याच्या आतली वाटणीही वऱ्हाडात सुटली नव्हती. संयुक्त महाराष्ट्रात येताना १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन दिले आणि १९५६ साली घटनेच्या ३७१(२) या कलमाने विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची तरतूद झाली. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने एक शब्द विदर्भाच्या घराघरांत नेला : अनुशेष. मागे उरलेले, राहून गेलेले असा त्याचा अर्थ. समितीने राज्याची सरासरी हे माप धरून एकूण सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटी होता, आणि मोजल्या गेलेल्या क्षेत्रांत आरोग्यसेवाही होती. १९९४ साली विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी, नेमकी महासाथीच्या पहिल्या टाळेबंदीत, संपली.

अनुशेष या शब्दाने विदर्भाला आपली तक्रार आकड्यांत मांडायला शिकवले, हे त्याचे ऋण मान्य करावेच लागेल. पण त्याने एक सवयही लावली. जे मोजता येते, त्याचीच मागणी होऊ लागली. इमारत, खाटा, केंद्रांची संख्या मोजता येते. त्या इमारतीत रात्री दोन वाजता कुणी असते का, हे त्या तक्त्यात बसत नाही.

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. आशा कार्यकर्ती, रुग्ण कल्याण समिती, मोकळा निधी अशा अनेक गोष्टी केंद्राच्या पैशाने खेड्यात पोचल्या आणि त्याचा लाभ झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र प्रमाण बदलत गेले. आरंभी सर्व भार केंद्राचा. अकराव्या योजनेत ८५:१५. बाराव्या योजनेत ७५:२५. २०१५-१६ पासून ६०:४०. केंद्राचे म्हणणे असे, की चौदाव्या वित्त आयोगाने करांतील राज्यांचा वाटा ४२ टक्क्यांवर नेला, तेव्हा राज्यांनी आपल्या पैशातून खर्च करावा. हे तर्काला धरून आहे. पण वाढलेला वाटा राज्याच्या सामाईक तिजोरीत जातो. तो आरोग्याकडेच वळेल, आणि वळला तरी मुंबई-पुण्याऐवजी धारणीकडे वळेल, याची हमी त्यात नाही.

अकोल्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला (स्थापना २००२) प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अतिविशेषोपचार रुग्णालय मंजूर झाले. दीडशे कोटींत केंद्राचे १२० आणि राज्याचे ३०, असे या टप्प्याचे गणित होते. वास्तू आणि यंत्रे यांचा मोठा वाटा केंद्राने उचलला. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांचे पगार राज्याकडे राहिले. वास्तू उभी राहिली तरी पदनिर्मिती आणि भरती यांची वाट पाहावी लागली. या योजनांना 'केंद्रपुरस्कृत' म्हणतात. पुरस्कार म्हणजे पुढे करणे. पुढे करणारा एक आणि पुढे वर्षानुवर्षे वाहणारा दुसरा, हा अर्थ आपल्या भाषेने नकळत सांगून ठेवला आहे.

आणि शेवटी मेळघाट. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतील कोरकू बालकांचे मृत्यू १९९३ च्या सुमारास देशापुढे आले, न्यायालयात गेले, आणि तेव्हापासून योजनांना खळ नाही. नवसंजीवन आली, अभियान आले. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारख्यांनी आयुष्य वाहिले. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने मोजदादीतील फटी दाखवल्या. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, हा देशभराचा निकष. पण मेळघाटात ही तीन हजार माणसे कित्येक गावांत आणि ढाण्यांत विखुरलेली असतात. पावसाळ्यात नाला आडवा आला, की निकष कागदावर पूर्ण असतो आणि बाळंतीण पलीकडच्या काठावर असते. माणशी पैशाचे सूत्र दिल्लीने लावले काय किंवा मुंबईने, अंतराची किंमत त्यात येत नाही.

मग वाटणी कशी असावी? सर्व काही राज्यावर सोपवा, हे उत्तर आम्हां वऱ्हाडकरांना पटणे कठीण आहे. राज्याच्या आतला अन्याय आम्ही अनुशेष या नावाने ओळखतो. सर्व केंद्राने करावे, हेही उत्तर नव्हे; १८५३ पासून आमचे निर्णय दूरवरून झाले आहेत. इतिहासातून आम्हांला तीन गोष्टी निघताना दिसतात. पहिली, जो इमारत देतो त्याने निदान दहा वर्षे त्या इमारतीतील माणसांच्या पगारात वाटा उचलावा. दुसरी, वाटपाचे माप लोकसंख्येबरोबर अंतर, दारिद्र्य आणि बालमृत्यू हेही असावे, आणि ते राज्यापाशी न थांबता तालुक्यापर्यंत जावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर सुमारे ७०,००० कोटी रुपये सुचवले, ती या दिशेची एक वाट होती. तिसरी, हिशेब खाली दाखवावा. १८६० मध्ये वऱ्हाडचा हिशेब दाखवण्याचे बंधन गेले, तेव्हा तो निजामाला दाखवणे बंद झाले. वऱ्हाडातील माणसाला तर तो कधी दाखवलाच नव्हता. उपकेंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचे वेळापत्रक लिहिलेले असते. त्याच्याच शेजारी यंदा कुठल्या सरकारकडून किती पैसे आले, किती पदे मंजूर आहेत आणि किती रिकामी, हे चार ओळींत मराठीत आणि कोरकूत लिहिता येईल. त्याला ना घटनादुरुस्ती लागते, ना आयोग.