बोरसीचे फाटक आणि थांबणारे इंजिन : एका बटणाचा पन्नास वर्षांचा इतिहास

छत्तीसगडमधील दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे हावडा-मुंबई लोहमार्गावर वसली आहेत. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून येथे कामगार आणि अभियंते आले. नागपूर-विदर्भाकडून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. बोरसी ही याच परिसरातील वस्ती. अशा गावांतील वाहनचालकांना एक सवय फार जुनी आहे. रेल्वेचे फाटक पडले, मालगाडी लांब आहे हे दिसले, की हात आपोआप किल्लीकडे जातो आणि इंजिन बंद होते. त्यासाठी कोणाला नियम सांगावा लागत नाही.

हेच काम यंत्र करू लागले, तेव्हा मात्र चालकांच्या मनात नाराजी उमटली. गेल्या काही वर्षांत छोट्या मोटारींतही ‘आयडल स्टार्ट-स्टॉप’ ही यंत्रणा आली आहे. गाडी थांबली, गिअर न्यूट्रलमध्ये आला आणि क्लचवरून पाय काढला, की इंजिन बंद पडते. क्लच पुन्हा दाबताच ते सुरू होते. डॅशबोर्डवरचे एक बटण दाबून ती निष्क्रिय करता येते, आणि अनेक चालक गाडीत बसताच प्रथम तेच बटण दाबतात. फाटकापाशी स्वतःहून इंजिन बंद करणारा माणूस यंत्राने ते बंद केल्यावर का वैतागतो? या प्रश्नाचे उत्तर या यंत्रणेच्या इतिहासात सापडते.

या इतिहासाची सुरुवात तेलाच्या टंचाईत झाली. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. त्याच दशकाच्या मध्यास जपानमध्ये टोयोटा क्राऊन मोटारीवर एक इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवण्यात आले. गाडी सुमारे दीड सेकंद थांबली की ते इंजिन बंद करी. टोकियोच्या गर्दीतील चाचण्यांत इंधनाची सुमारे १० टक्के बचत दिसली. भारतातही याच काळात इंधनबचतीचा विचार संस्थात्मक रूपात पुढे आला. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, स्थापन झाली आणि सिग्नलवर इंजिन बंद करण्याचा सल्ला तिच्या जाहिरातींमधून घरोघरी पोहोचला. जपानमध्ये जे काम उपकरणाकडे सोपवण्याचा प्रयत्न झाला, ते भारतात चालकाच्या हाताकडेच राहिले.

युरोपमधील पुढील प्रयत्न बोलके आहेत. १९८३ मध्ये फियाटने रेगाटा ईएस या मोटारीत ‘सिटीमॅटिक’ नावाची अशी यंत्रणा दिली. १९९४ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ इकोमॅटिक आली. पायाने वेग दिला नाही, तर ही गाडी रस्त्यावर घरंगळत असतानाही इंजिन बंद करी. इंधन खरोखरच वाचत होते. पण धावत्या गाडीचा आवाज अचानक थांबणे म्हणजे बिघाड, असेच वर्षानुवर्षांच्या अनुभवाने चालकांच्या मनावर कोरलेले होते. गाडी फारशी खपली नाही आणि लवकरच बाजारातून गेली. तंत्र आपल्या परीने योग्य होते. ते चालकाला पटले नाही.

२००४ मध्ये सिट्रोएन सी-३ मध्ये पट्ट्याने फिरणारा, स्टार्टर आणि अल्टरनेटर यांचे काम एकत्र करणारा भाग आला. त्यामुळे इंजिन धक्का न देता, जवळजवळ निःशब्दपणे सुरू होऊ लागले. तरीही या यंत्रणेच्या प्रसाराचे मोठे कारण कायदा हे होते. युरोपीय संघाने २००९ मध्ये नव्या मोटारींच्या सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनावर किलोमीटरमागे १३० ग्रॅमचे बंधन घातले. थांबलेले इंजिन चाचणीत काहीच उत्सर्जित करीत नाही. त्यामुळे उद्दिष्टाजवळ जाण्याचा हा स्वस्त मार्ग ठरला आणि काही वर्षांतच ही यंत्रणा तेथे सर्वसाधारण झाली.

भारतात या तंत्राचा आरंभीचा ठसा नाशिक आणि चाकणशी जोडलेला आहे. नाशिकच्या कारखान्यातून येणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओची ‘मायक्रो-हायब्रिड’ आवृत्ती २००८ मध्ये बाजारात आली. ही खरे तर थांबल्यावर इंजिन बंद करणारी यंत्रणाच होती. २०१६ मध्ये चाकणच्या कारखान्यातून आलेल्या केयूव्ही-१०० या छोट्या गाडीच्या वरच्या आवृत्त्यांतही ती होती. २०१४ मध्ये हिरोने स्प्लेंडर आयस्मार्टद्वारे ती दुचाकीवर आणली. २०२१ मध्ये मारुतीच्या नव्या सेलेरिओत ती आली आणि तिच्या एका आवृत्तीचे प्रमाणित मायलेज लिटरला २६.६८ किलोमीटर असे जाहीर झाले.

कारखानदारांचा उत्साह समजून घेण्यासाठी हे मायलेज कसे मोजले जाते हे पाहावे लागते. भारतात मोटार प्रयोगशाळेत रुळांवर चालवून तपासली जाते. या चाचणीचे वेळापत्रक ११८० सेकंदांचे आहे. त्यातील शहरी भागात १९५ सेकंदांची एकच फेरी चार वेळा होते आणि प्रत्येक फेरीत सुमारे ६० सेकंद गाडी उभी असते. वातानुकूलन बंद ठेवलेले असते. म्हणजे शहरी भागाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उभे राहण्यातच जातो. अशा चाचणीत इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेला उत्तम गुण मिळणारच. २०१७ पासून भारतात कंपनीच्या सर्व मोटारींच्या सरासरी इंधनवापराचे नियम लागू झाले आणि २०२२ पासून ते अधिक कडक झाले. त्या हिशेबात या यंत्रणेला थोडी सवलतही ठेवली गेली. अशा रीतीने यंत्रणेचा लाभ कंपनीच्या कागदावर नेमक्या आकड्यात नोंदला गेला.

चालकाचा हिशेब वेगळा असतो. छोट्या पेट्रोल मोटारीचे इंजिन उभ्या अवस्थेत तासाला साधारण ०.६ लिटर पेट्रोल खाते, असे धरले तर मिनिटाला १० मिलिलिटर होतात. एखादा चालक रोज सिग्नलवर एकूण ६ मिनिटे थांबत असेल, तर दिवसाला ६० मिलिलिटर आणि वर्षातील ३०० दिवसांत १८ लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला १०० रुपये धरल्यास ही बचत १८०० रुपयांची आहे. बोरसीहून निघून मोकळ्या रस्त्याने कामावर जाणारा माणूस दिवसात एक मिनिटच थांबत असेल, तर त्याची बचत वर्षाला ३ लिटर, म्हणजे ३०० रुपये. पण वारंवारचे सुरू होणे सोसण्यासाठी लागणारी विशेष बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग असते, आणि ती दोघांनाही सारख्याच किमतीला घ्यावी लागते.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात छत्तीसगडच्या मैदानात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. वातानुकूलनाचा काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबले की तोही थांबतो. पंखा वारा देत राहतो, पण तो वारा हळूहळू गरम होत जातो. गाडीतील तापमान वाढल्यावर अनेक मोटारी इंजिन पुन्हा सुरू करतात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात बचतही फारशी उरत नाही. यंत्राची आणखी एक मर्यादा आहे. अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार गरम इंजिन १० सेकंदांहून अधिक काळ उभे राहणार असेल, तर ते बंद करणे फायद्याचे ठरते. फाटक पडलेले पाहणाऱ्या माणसाला आपण किती वेळ थांबणार याचा अंदाज असतो. यंत्राला तो नसतो. वळणावर क्षणभर थांबलेली गाडीही ते बंद करते.

म्हणून चालकांची तक्रार केवळ नव्याचा तिटकारा ठरत नाही. तीच मोटार घेऊन बोरसीचे कुटुंब सुमारे अडीचशे किलोमीटरवरील नागपूरला जाते, तेव्हा महामार्गावर यंत्रणेला काही कामच नसते. नागपूरच्या लांब सिग्नलांवर मात्र तीच उपयोगी पडते आणि बटणाकडे जाणारा हात तेथे थांबतो. मत गाडीपेक्षा रस्त्यावर अधिक अवलंबून असते.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी ही यंत्रणा लोकांना आवडत नाही असे सांगून तिला मिळणाऱ्या सवलतींवर घाव घालण्याची भाषा केली. नावड हेच प्रमाण मानले, तर गर्दीच्या शहरांत खरोखर वाचणारे इंधन आणि टळणारा धूर यांचा हिशेब बाजूला पडतो. आणि प्रयोगशाळेतील आकडा हेच प्रमाण मानले, तर बोरसीच्या चालकाचा अनुभव बाजूला पडतो. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम काढली, तेव्हा तिने किल्ली फिरवण्याचे आवाहन माणसालाच केले होते. काही दशकांपूर्वी पीसीआरएने हेच सांगितले होते आणि फाटकापाशी उभा राहणारा चालक आजही ते करतो. त्याला थांबण्याचा कालावधी दिसतो, म्हणून तो करतो. पुढच्या यंत्रणेला रस्ता, सिग्नल आणि उष्मा यांचे एवढे भान देता आले, तर ते बटण दाबण्याचे कारण बऱ्याच अंशी उरणार नाही.