ऑपरेशन थिएटर ते आरोग्य धोरण: सर्जन हे संशोधन कसं करतात?

ऑपरेशन नीट झालं, तरी पेशंट नंतर दगावू शकतो. अँटिबायोटिक वेळेवर दिलं गेलं नाही, रक्ताची सोय नव्हती, पेशंट उशिरा पोहोचला, अशी अनेक कारणं असतात. ही कारणं शोधायची आणि कोणत्या नियमाने किंवा योजनेने फरक पडतो, हे पुराव्यानिशी तपासायचं, याला आरोग्य धोरण संशोधन म्हणतात.

सुरुवात कशी होते?

रोजच्या कामातल्या प्रश्नापासून. बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. डॉ. गावंडे यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने जागतिक आरोग्य संघटनेसाठी 19 मुद्द्यांची चेकलिस्ट बनवली. पेशंट तोच आहे ना? ऑपरेशनची जागा बरोबर आहे ना? अ‍ॅलर्जी आहे का? असे साधे प्रश्न त्यात होते. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये ती वापरण्याआधीची आणि नंतरची आकडेवारी त्यांनी ताडून पाहिली. 2009 मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं.

नियम झाला की काम संपलं?

नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने 2010 मध्ये चेकलिस्टच्या वापराची आकडेवारी जाहीर करणं हॉस्पिटलांना बंधनकारक केलं. टोरंटोचे सर्जन डेव्हिड अर्बाक आणि सहकाऱ्यांनी 101 हॉस्पिटलांमधल्या दोन लाखांहून अधिक ऑपरेशनच्या नोंदी तपासल्या. मृत्यूचं प्रमाण 0.71 टक्क्यांवरून 0.65 टक्क्यांवर आलं, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. 2014 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावर काही तज्ज्ञांचं म्हणणं होतं की, कागदावर टिक करणं वेगळं आणि टीमने खरंच थांबून एकमेकांशी बोलणं वेगळं.

सर्जनने काय करावं?

- प्रश्न एकच आणि नेमका ठेवावा. उदाहरणार्थ, सरकारी विमा योजना आल्यावर हर्नियाचे पेशंट लवकर येऊ लागले का?
- हॉस्पिटलच्या नोंदी किंवा विम्याचे क्लेम वापरावेत. पेशंटची ओळख गुप्त ठेवावी.
- एथिक्स कमिटीची परवानगी आधीच घ्यावी.
- योजना लागू नसलेल्या भागाशी तुलना करावी.
- संख्याशास्त्रज्ञ आणि आरोग्य अर्थतज्ज्ञ यांना सुरुवातीपासून सोबत घ्यावं.
- निकाल अपेक्षेविरुद्ध आला, तरी तो प्रसिद्ध करावा. नाहीतर निरुपयोगी नियमावर पैसा आणि वेळ खर्च होत राहतो आणि पेशंटचा धोका मात्र तसाच राहतो.