अनवॉरंटेड असम्प्शन आणि आपला वितंडवाद

‘द आर्ग्युमेंट रेस्ट्स ऑन सेव्हरल अनवॉरंटेड असम्प्शन्स.’

२००२ ते २०२३ या काळात ज्यानं जीआरई दिली, त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी हे वाक्य म्हणता येईल. त्याची भावंडंही: ‘इट इज एन्टायरली पॉसिबल दॅट...’, ‘द ऑथर फेल्स टू कन्सिडर...’ आणि शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवलेलं ‘टू स्ट्रेंग्थन द आर्ग्युमेंट...’. म्हणजे लेखकानं पुराव्याशिवाय बरंच काही गृहीत धरलंय, वेगळंही काही घडलेलं असू शकेल, अमुक गोष्ट त्याच्या लक्षातच आलेली नाही, आणि मुद्दा भक्कम करायचा तर आणखी तमुक माहिती लागेल. अर्ध्या तासाचा निबंध. चार खांब तयार, मधल्या विटा तेवढ्या आपण रचायच्या.

मीही ही वाक्यं झेरॉक्सवरून पाठ केली होती. त्यांची टिंगल करणं सोपं आहे आणि ती भरपूर झालेली आहे. पण ही वाक्यं मुळात आली कुठून, हे शोधायला गेलं की गंमत वाटते. कारण त्यांच्या मुळाशी क्लासवाले नाहीत, एक युद्ध आहे.

हॉवर्ड कहाने हा अमेरिकन तर्कशास्त्राचा प्राध्यापक. चिन्हांचं, सूत्रांचं, कोरडं तर्कशास्त्र शिकवायचा. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. एका विद्यार्थ्यानं वर्गात विचारलं, की राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी युद्ध आणखी वाढवायचं ठरवलंय, त्या निर्णयाशी आपण सत्रभर शिकलो त्याचा काही संबंध आहे का? कहानेनं हा प्रसंग स्वतःच नोंदवून ठेवलाय. त्यातून १९७१ मध्ये त्याचं ‘लॉजिक अँड कंटेम्पररी ऱ्हेटरिक’ हे पुस्तक आलं. त्यात सूत्रांऐवजी वर्तमानपत्रांतली कात्रणं, पुढाऱ्यांची भाषणं, जाहिराती. आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या चार्ल्स हॅम्ब्लिननं ‘फॅलसीज’ नावाच्या ग्रंथात तक्रार केली होती, की ॲरिस्टॉटलनं तर्कदोषांची तेरा प्रकारांची यादी केली आणि पाठ्यपुस्तकं पिढ्यानपिढ्या तेच उगाळत बसली. (हॅम्ब्लिननं याच पुस्तकात भारतीय न्यायपरंपरेवर एक प्रकरण लिहिलंय. त्या काळात पाश्चात्त्य तर्कशास्त्रज्ञानं एवढे कष्ट घेणं विरळाच.) पुढे १९८० मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं चिकित्सक विचारांचं शिक्षण सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचं केलं. विषय मान्य झाला. आणि विषय मान्य झाला की पाठोपाठ परीक्षा येतेच.

ती आली ऑक्टोबर १९९४ मध्ये, आधी एमबीएवाल्यांच्या जीमॅटमध्ये. जीआरईत तेव्हा ‘ॲनॅलिटिकल’ नावाचा वेगळा विभाग होता. पाच माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, कोण कुणाच्या डावीकडे, असली कोडी त्यात असायची. ऑक्टोबर २००२ मध्ये तो गेला आणि त्याच्या जागी दोन निबंध आले. एकात स्वतःचं मत मांडायचं, दुसऱ्यात दिलेल्या युक्तिवादाची चिकित्सा करायची.

हा दिलेला युक्तिवाद मुद्दाम फुटका बनवलेला असे. त्या थाटाचा एक मीच रचून देतो. एका काल्पनिक गावात गेल्या वर्षी पोहण्याचा तलाव बांधला. यंदा दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या कमी झाली. सबब शेजारच्या गावानंही तलाव बांधावा, तिथली माणसंही निरोगी होतील. आता शोधा भोकं. आजारपण कमी झालं की दवाखान्याची फी वाढली? तलावात पोहतं तरी कोण? शेजारच्या गावात मुळात पाणी आहे का?

मला मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे. या निबंधात तलाव बांधावा की नाही, यावर तुमचं मत कुणी विचारत नसे. उलट मत दिलंत तर विषय सोडून लिहिलंत. लेखकाचा निष्कर्ष खोटा आहे असंही म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच, की तुम्ही दिलेल्या कारणांवरून तो निघत नाही. तलाव कदाचित उत्तम कल्पना असेल, पण हा युक्तिवाद ते दाखवत नाही.

आपल्याकडे याला एक नाव आहे, आणि ते शिवीसारखं वापरलं जातं. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचं खंडन करायचं ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ म्हणजे निव्वळ कज्जेदलाली. ‘नुसत्या चुका काय काढतोस, तुझं काय म्हणणं आहे ते सांग’ हे वाक्य घरात, कचेरीत, सोसायटीच्या सभेत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सोसायटीत कुणी म्हणतं, रखवालदार बदलला आणि चोऱ्या थांबल्या. तुम्ही फक्त विचारायचं, की त्याच महिन्यात मागच्या भिंतीवर तारा लावल्या होत्या ना? लगेच तुम्ही जुन्या रखवालदाराच्या बाजूचे.

पण वितंडेला आपल्याकडे प्रतिष्ठित वारसाही आहे. बाराव्या शतकातला श्रीहर्ष, तोच तो ‘नैषधीयचरित’वाला, ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात नैयायिकांच्या व्याख्या एकामागून एक मोडून काढतो आणि त्यांच्या जागी स्वतःची व्याख्या ठेवण्याचं नाकारतो. मोडणं हेच काम. न्यू जर्सीतल्या परीक्षा मंडळानं हीच गोष्ट लाखो पोरांकडून अर्ध्या तासात, सभ्य भाषेत करून घेतली असं म्हटलं, तर पंडित मंडळी चिडतील. चिडोत.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते प्रश्नांची यादी आधीच जाहीर होती, तिथे निम्मं बिघडलं. ईटीएसनं सगळे विषय खुले ठेवले होते. शेकडो विषय आणि भोकं मात्र तीच आठ-दहा: पाहणीतला नमुना तुटपुंजा, आधी घडलं म्हणून तेच कारण, तिकडे चाललं म्हणून इकडेही चालेल, वगैरे. एका भोकाला एक वाक्य, असा तक्ता होणारच होता. आणि तपासणाऱ्याकडे एका निबंधासाठी दोनेक मिनिटं.

उरलेलं निम्मं यंत्रानं बिघडवलं. निबंध संगणकानं तपासावेत ही कल्पना एलिस पेजनं १९६६ मध्येच मांडली होती. १९९९ मध्ये जीमॅटच्या दोन मानवी परीक्षकांपैकी एकाच्या जागी ई-रेटर नावाचा प्रोग्रॅम आला. तो निबंधातल्या काही खुणा टिपत असे. ‘परहॅप्स’, ‘फर्स्ट’, ‘इन कन्क्लूजन’ अशा शब्दांवरून मुद्दा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याचा अंदाज बांधायचा. म्हणजे पाठ केलेली वाक्यं खांबांसारखी उभी असली, की यंत्राला इमारत दिसायची. आत कुणी राहतं की नाही, हे त्याला कळायची सोय नव्हती. २०१४ मध्ये एमआयटीतल्या (पुण्यातल्या नव्हे, मूळ) लेस पेरेलमन या लेखनशिक्षकानं काही विद्यार्थ्यांसह ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम बनवला. एक-दोन शब्द द्यायचे, तो भारदस्त पण पूर्ण निरर्थक निबंध ओकायचा, आणि असल्या तपासनीस यंत्रांकडून त्याला भरघोस गुण मिळायचे.

ईटीएसनंही प्रयत्न केले. ऑगस्ट २०११ पासून प्रत्येक विषयाखाली वेगळी सूचना यायला लागली. कधी ‘कोणता पुरावा लागेल ते लिहा’, कधी ‘कोणते प्रश्न विचारावे लागतील’, कधी ‘दुसरी कोणती स्पष्टीकरणं संभवतात’. तक्तेही त्याप्रमाणे बदलले. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये जीआरई आखूड झाली, तेव्हा हाच निबंध गेला. स्वतःचं मत मांडायचा राहिला. जीमॅटच्या नव्या आवृत्तीत तर निबंध नाहीच, आणि जुनी आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली.

कोणता ठेवला आणि कोणता काढला, बघा. मत तर सगळ्यांकडे असतंच की.

आता थोडं मराठीकडे. युक्तिवादाची चूक दाखवायला आपल्याकडे तयार शब्द नाहीत, असं अजिबात नाही. वामन शिवराम आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘न्याय’ हा शब्द उघडून पाहा, लौकिक न्यायांची रांगच आहे. काकतालीय न्याय म्हणजे आपलं ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’. तलाव आणि दवाखान्याच्या युक्तिवादाला चपखल. पण एक फरक मला जाणवतो. कावळ्याची म्हण निकाल देऊन मोकळी होते: हा योगायोग आहे. ‘इट इज एन्टायरली पॉसिबल’वालं वाक्य निकाल देत नाही, फक्त दार उघडं ठेवतं. योगायोग असेल, नसेलही, तुम्ही दाखवा.

स्थालीपुलाक न्यायाचं, म्हणजे ‘शितावरून भाताची परीक्षा’चं, तर उलटंच आहे. तो नमुन्यावरून निष्कर्ष काढायला परवानगी देतो. आणि बरोबरच देतो, कारण एका पातेल्यातली शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. प्रश्न हा, की शंभर माणसांची पाहणी म्हणजे एका पातेल्यातली शंभर शितं का? हा प्रश्न म्हणीत नाही. तो आपण जोडायचा.

खरी पंचाईत ‘असम्प्शन’ची. ‘गृहीतक’ म्हटलं की भूमितीचा तास आठवतो. ‘तुम्ही हे गृहीत धरलंय’ म्हणावं तर त्यात आरोप ऐकू येतो, कारण मराठीत ‘गृहीत धरणं’ हे गोष्टींपेक्षा माणसांच्या बाबतीतच जास्त होतं. ‘मला गृहीत धरू नकोस’ हे भांडणातलं वाक्य आहे. इंग्रजीतला ‘द ऑथर’ बरा, तो कुठल्याशा काल्पनिक गावचा कुणीतरी असायचा, समोर बसलेला नसायचा. मी सध्या ‘हे आपल्याला कसं कळलं?’ असं विचारून बघतो. ‘तुम्हाला’ नाही, ‘आपल्याला’. रखवालदाराच्या बाबतीत चाललं. तारा कोणत्या तारखेला लावल्या, ते बघायला सेक्रेटरी जुनी बिलं काढून बसले.