दूरवैद्यकीय सल्ला

दूरवैद्यकीय सल्ला : रुग्ण एका गावात आणि डॉक्टर दुसऱ्या गावात असताना फोन, व्हिडिओ कॉल किंवा लेखी संदेशावरून झालेली विचारपूस आणि त्यातून मिळालेली औषधांची चिठ्ठी. यालाच टेलिमेडिसिन किंवा टेलिकन्सल्टेशन म्हणतात. मराठीत आपण डॉक्टरला ‘दाखवतो’ : पाय दाखवतो, पोट दाखवतो, पोराला दाखवून आणतो. या प्रकारात दाखवण्यासारखे थोडेच असते, बाकीचे सांगावे लागते. एवढा फरक ध्यानात धरला की ही पद्धत निम्मी समजली.

उदाहरण म्हणून घनसावंगी (जि. जालना) हा गोदावरीकाठचा तालुका घेऊ. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी इथे येते, त्यावर ऊस होतो. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, पण त्वचेचा, मनाचा किंवा हृदयाचा तज्ज्ञ हवा असेल तर वाट जालन्याची, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची. जालना पन्नासेक किलोमीटर. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. कुंभार पिंपळगाव किंवा तीर्थपुरीच्या पलीकडच्या वस्तीवरून निघालेल्या म्हातारीला रक्तदाबाच्या गोळीची मात्रा बदलून घ्यायची असली तरी आख्खा दिवस मोडतो, सोबत आलेल्याची मजुरी बुडते, भाडे जाते ते वेगळेच. डॉक्टरसमोर मात्र ती पाच मिनिटेच बसते. दूरवैद्यकीय सल्ल्याचा खरा उपयोग या पाच मिनिटांसाठी आहे. तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी तो तज्ज्ञ निर्माण करीत नाही. फक्त हेलपाटा वाचवतो.

पूर्वपीठिका : भर समुद्रातल्या जहाजांवरील आजाऱ्यांना बिनतारी यंत्रणेवरून सल्ला देणारे केंद्र रोममध्ये 1935 साली निघाले. भारतात इस्रोने 2001 च्या सुमारास उपग्रहामार्फत दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी काही जिल्हा रुग्णालये जोडली गेली. हे सारे रुग्णालय ते रुग्णालय असे होते, रुग्णाच्या हातात काही नव्हते. कायदाही धूसर होता. रत्नागिरीतील एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात फोनवरून दिलेल्या सूचनांचा मुद्दा पुढे आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2018 मध्ये संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर औषध सांगायला बरेच डॉक्टर बिचकू लागले.

टाळेबंदीने हा पेच सोडवला. 25 मार्च 2020 रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि 13 एप्रिल 2020 रोजी ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही घरबसल्या सल्ल्याची मोफत सेवा सुरू झाली. ती सी-डॅकच्या मोहाली केंद्राने तयार केली आहे. त्या वेळी राज्याचे आरोग्यमंत्री होते राजेश टोपे, म्हणजे घनसावंगीचेच तत्कालीन आमदार. फेब्रुवारी 2023 पर्यंत देशभरात या सेवेवरचे सल्ले 10 कोटींवर गेले होते.

दोन वाटा : ई-संजीवनीची पहिली वाट घरून. मोबाइल क्रमांक टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, नाव-वय नोंदवायचे, जुने रिपोर्ट असतील तर त्यांचे फोटो चढवायचे, ओपीडी निवडायची. टोकन मिळते, नंबर लागला की डॉक्टर पडद्यावर येतात आणि शेवटी चिठ्ठी मोबाइलवर उतरते. दुसरी वाट उपकेंद्रावरून. उपकेंद्र साधारण 5,000 लोकसंख्येमागे एक असते. यातली बरीच आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाली असून तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. ते रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन पाहतात आणि मग रुग्णाला शेजारी बसवून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरला कॉल लावतात.

शहरी लेखांत पहिल्या वाटेचेच कौतुक असते. घनसावंगीसारख्या भागात दुसरी अधिक उपयोगाची, असे या नोंदीचे मत आहे. डॉक्टरचे हात पडद्यातून बाहेर येत नाहीत; पोट दाबून पाहणारे, पायावरची सूज बोटाने दाबून खड्डा पडतो का ते सांगणारे कुणीतरी रुग्णाच्या बाजूला लागते. पापणीखालचा फिकेपणा मोबाइलच्या कॅमेऱ्यात नीट कळत नाही, पण शेजारच्या सिस्टरला कळतो. आणखी एक : सुई टोचल्याशिवाय किंवा सलाइन लावल्याशिवाय इलाज झाला असे आपल्याकडे अनेकांना वाटतच नाही. ‘नुसतं बोलून पाठवलं’ ही तक्रार उपकेंद्रात जागेवरच समजावता येते, घरच्या मोबाइलवर नाही.

काय सांगावे : ‘कसंतरी होतंय’ हे मराठवाड्यातले सर्वांत नेमके आणि डॉक्टरला सर्वांत निरुपयोगी वाक्य. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, चाल, श्वास पाहून डॉक्टर त्याचा अर्थ लावतो, कॉलवर ती सोय निम्मीही नाही. तेव्हा कॉल लावण्याआधी कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात : केव्हापासून, कशाने वाढते, कशाने थांबते, आधी कोणती गोळी घेतली. ‘दम लागतो’ म्हणजे पायऱ्या चढताना लागतो, की रात्री आडवे झाल्यावर उठून बसावे लागते? पहिला थकवा असू शकतो, दुसरा हृदयाचा इशारा. ‘चक्कर येते’ म्हणजे घर फिरते, की उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते? ‘छातीत जळजळ’ आणि ‘छातीत कळ’ यांत तर एखाद्याच्या जिवाचा फरक असतो. बायकांच्या तक्रारी ‘अंगावरून जातंय’ अशा आडपडद्याने सांगितल्या जातात. घरात सासरे-दीर बसलेले असताना त्या व्हिडिओवर निघणारच नाहीत. अशा वेळी उपकेंद्रातली सिस्टर किंवा आशाताई जवळ असावी. गोळ्यांची नावे आठवत नसतील तर पाकिटे समोर धरावीत. ‘ती पांढरी गोळी’ या वर्णनाने आजवर कुणाचेच भले झालेले नाही.

2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाने कॉल स्वतः केला तर त्याची संमती गृहीत धरतात. आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा घरच्या माणसाने लावला तर ती स्पष्ट घ्यावी लागते. मुलगा पुण्यात आणि आई गावात, हा आता घरोघरचा प्रकार. आई कॉलवर हजर असेल तर अडचण नाही, तिच्या गैरहजेरीत मुलाला अधिकार किंवा नाते कागदाने दाखवावे लागू शकते. लहान मुलासोबत मोठे माणूस हवेच. डॉक्टरने आपले नाव आणि नोंदणी क्रमांक सांगायचा असतो, चिठ्ठीवरही तो असतो. नसेल तर ती चिठ्ठी मानू नये. भारतात नोंदणी असलेला डॉक्टर कोणत्याही राज्यातल्या रुग्णाला सल्ला देऊ शकतो. यंत्राने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, स्वतःहून औषध लिहून देणे या तत्त्वांना मान्य नाही.

कोणती औषधे मिळतात : पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी साधी औषधे कोणत्याही प्रकारच्या कॉलवर सांगता येतात. पहिल्याच भेटीत यापुढचे काही लिहायचे तर व्हिडिओ लागतो. त्याच डॉक्टरशी त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा बोलणे झाले तर ती पुनर्भेट धरतात, आणि चालू औषधे पुढे नेणे किंवा त्यांत भर घालणे सोपे जाते. मॉर्फिनसारखी अंमली द्रव्य कायद्यातली औषधे मात्र दुरून लिहिता येत नाहीत. पुनर्भेटीच्या या सोयीमुळे रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, जुना त्वचारोग असलेल्यांना हा मार्ग सर्वांत सोयीचा. ऊसतोडीला बाहेर गेलेल्यांना तर विशेष. दिवाळीनंतर बिऱ्हाड कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, गेले की गोळ्या संपतात आणि नव्या मुलखातला डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो. जुन्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर कोपीवरूनही आपल्या नेहमीच्या डॉक्टरशी पुनर्भेट होते. मनाच्या त्रासासाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत सेवा आहे, ती दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते.

कुठे वापरू नये : छातीत कळ येऊन घाम फुटणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय गळणे, गरोदरपणात रक्तस्राव किंवा झटके, बाळाचे दूध तुटणे, विषारी औषध पोटात जाणे. यांपैकी काहीही असेल तर टोकन काढत बसू नये. गोदाकाठच्या उसात आणि कापसात साप-विंचवाची भीती रोजचीच. विंचूदंशावरील संशोधनाने नावाजलेले, 2022 मध्ये पद्मश्री मिळालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. दंशानंतर उपचार किती लवकर सुरू झाले याला किती महत्त्व आहे हे त्यांच्या कामाने दाखवून दिले. सर्पदंशावरची लस शिरेतून द्यावी लागते, ती कोणत्याही पडद्यातून देता येत नाही. अशा वेळी फोन करायचा तो एकच, 108 ला.