गळतीचा दर मोजताना कोण गळतं?

गळतीचे आकडे हाताशी आले की आपण लगेच गटांची तुलना मांडायला बसतो. मुलं आणि मुली, शहर आणि गाव, हा प्रवर्ग आणि तो प्रवर्ग. आज अमेरिकेतल्या हायस्कूलचं उदाहरण घेऊ. तिथले सरकारी तक्ते कित्येक वर्षं सांगत होते, की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांमधली दरी कमी होत चालली आहे. आकडे कुणी खोटे लिहिलेले नव्हते, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकत होता.

आधी थोडा इतिहास. १९१० मध्ये तिथे हायस्कूल पूर्ण करणारे तरुण शंभरात जेमतेम नऊ होते. १९४० पर्यंत ते निम्म्यावर गेले. आता गंमत बघा. बहुतेक मुलं शाळा सोडत होती, तेव्हा 'ड्रॉपआउट' हा सामाजिक प्रश्न मानलाच जात नव्हता. हायस्कूल पूर्ण करणं हा नियम झाला आणि मग १९६० च्या दशकात शाळा सोडणारा मुलगा 'समस्या' ठरला. शर्मन डॉर्न यांनी १९९६ च्या पुस्तकात हीच प्रक्रिया उलगडली आहे.

प्रश्न ठरला की मोजणी आलीच. सर्वात जास्त वापरला जाणारा दर घरोघरच्या पाहणीवरून काढतात: १६ ते २४ वयाचे, सध्या शिकत नसलेले आणि हायस्कूलचं प्रमाणपत्र नसलेले किती? व्याख्या साधी वाटते ना? पण तिच्यात दोन फटी आहेत.

पहिली फट जीईडी परीक्षेची. ही १९४२ मध्ये सैनिकांसाठी सुरू झाली, पुढे सगळ्यांना खुली झाली. शाळा सोडून ही परीक्षा दिली की तुम्ही 'पूर्ण केलेले' ठरता. दुसरी फट तुरुंगाची. पाहणी घरोघर होते, त्यामुळे कैदी तिच्यात येतच नाहीत. १९७० च्या दशकानंतर अमेरिकेत कैद्यांची संख्या प्रचंड वाढली. त्यात कमी शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणांचं प्रमाण फार मोठं होतं. म्हणजे ज्यांची शाळा सुटली होती, तेच छेदातून गायब! बेकी पेटिट यांचं २०१२ चं पुस्तक याच न मोजलेल्या माणसांबद्दल आहे.

जेम्स हेकमन आणि पॉल लाफाँटेन यांनी २०१० मध्ये हे दोन्ही दुरुस्त करून हिशेब पुन्हा मांडला. उत्तर काय आलं? सुमारे ३५ वर्षांत दरी मिटण्याच्या दिशेने सरकलेलीच नव्हती.

उलटंही घडतं बरं का. २००० साली याच पद्धतीने एकूण दर १०.९ टक्के होता आणि हिस्पॅनिक तरुणांचा २७.८. पण त्यात कामासाठी देशात आलेले, अमेरिकी शाळेत कधी पाऊलही न ठेवलेले तरुण होते. त्यांचं शिक्षण अपुरं होतं हे खरं, पण त्याचा दोष तिथल्या शाळेवर कसा टाकणार?

आता आपल्याकडे या. यूडायसमधली गळती शाळेच्या पटावरून निघते. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाचं नाव पटावर तसंच राहिलं, तर त्या तक्त्यात तो शिकतोच आहे. घरोघरच्या पाहणीत कदाचित तो वेगळा दिसेल, आणि पाहणी होताना कुटुंब गावातच नसेल तर दिसणारही नाही. त्यामुळे हे दोन स्रोत एकाच आलेखावर जोडू नका.

सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक दरापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: अंशात कोण, छेदात कोण, आणि दोन्हीकडून बाहेर कोण राहिलं. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण तुमच्या गटांच्या तुलनेवर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्या रकान्यावरच ठरतं.