सुटीतले गणित

वाचकहो, खेड्यातल्या एका शिक्षकांचे पत्र मध्यंतरी मला आले. त्यांची मुलगी इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेली आहे. तिथे कॅल्क्युलसचा, म्हणजे कलनाचा, पहिला भाग एका सत्रात झाला. दुसरा भाग पुढल्या सत्राची वाट न पाहता उन्हाळ्याच्या सुटीत आठ आठवड्यांत उरकते, असे तिने घरी कळवले. गुरुजी लिहितात, "शेत गहाण ठेवून पाठवली आहे. एक सत्र वाचले तर तेवढेच ओझे हलके होईल. पण चार महिन्यांचे पीक दोन महिन्यांत येते का हो? तुम्ही इतिहासाचे माणूस. इतिहास काय सांगतो?"

प्रश्न साधा दिसतो, पण तो एका घराच्या जमिनीचा आणि एका मुलीच्या उमेदीचा आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी हा दुसरा भाग काय असतो ते पाहू. पहिल्या भागात बदलाचा वेग काढायला शिकतात. एस. टी. घाट चढताना तिचा वेग क्षणोक्षणी बदलतो. नेमक्या एका क्षणी तो किती, हे सांगणारे गणित म्हणजे अवकलन. दुसऱ्या भागात मुख्यतः याच्या उलट वाट चालायची असते. समजा, नदीकाठी तुमचे एक वावर आहे आणि त्याचा एक बांध नदीबरोबर वाकत गेला आहे. त्याचे क्षेत्रफळ कसे काढाल? वावराच्या अरुंद पट्ट्या पाडायच्या, प्रत्येकीचे क्षेत्रफळ काढायचे आणि बेरीज करायची. पट्ट्या जितक्या बारीक, तितके उत्तर अचूक. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपली म्हण म्हणजेच समाकलन म्हणा ना! त्याच्या जोडीला अनंत श्रेढी येतात. पदे कधी संपत नाहीत, तरी काहींची बेरीज ठरावीक आकड्याकडेच जाते. इथे भल्याभल्यांची दमछाक होते.

आता सुटीतले वर्ग. अमेरिकेत ही चाल जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठाची उन्हाळी शाळा १८७१ साली निघाली. एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वर्गापासून तिची सुरुवात झाली, आणि तो वर्ग होता शिक्षकांसाठी! पुढे १८९२ साली शिकागो विद्यापीठ उघडले. त्याचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी वर्षाचे चार भाग पाडले आणि उन्हाळ्याचा भाग इतर तिघांच्या बरोबरीचा मानला. उन्हाळ्यात शिकलेले पदवीसाठी धरले जाऊ लागले. तेव्हा सुटीतला वर्ग ही काही पळवाट नव्हे. तिला मान आहे, इतिहास आहे.

कोणी म्हणेल, खुद्द न्यूटननेही हे गणित सुटीतच केले! गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. १६६५ च्या उन्हाळ्यात प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद झाले. बावीस वर्षांचा आयझॅक न्यूटन लिंकनशायर परगण्यातल्या वूल्सथॉर्प या आपल्या खेड्यात परतला. त्याच उन्हाळ्यात त्याने अपास्त नावाच्या वक्राखालचे क्षेत्रफळ ५२ अंकांपर्यंत काढले. अनंत श्रेढी आणि समाकलन, दोन्ही त्यात आले. म्हणजे आपल्या मुलीचाच पाठ!

परंतु ही तयारी कधीची? त्याच्या सावत्र बापाची एक जाडजूड, बरीचशी कोरी वही त्याला मिळाली होती. तीत त्याने १६६४ पासूनच गणित मांडायला घेतले होते. देकार्त आणि वॉलिस यांची पुस्तके त्याने केंब्रिजमध्येच पचवली होती, आणि श्रेढीची गुरुकिल्ली त्याला १६६४-६५ च्या हिवाळ्यात, म्हणजे सुटी लागण्यापूर्वीच, सापडली होती. बरे, एका उन्हाळ्यात सारे आटोपले का? तेही नाही. त्याने स्वतः पुढे लिहून ठेवले आहे की, सरळ रीत नोव्हेंबर १६६५ मध्ये हाती आली आणि उलट रीत, म्हणजे हा दुसरा भाग, मे १६६६ मध्ये. सारे एकत्र मांडलेला लेख त्याने ऑक्टोबर १६६६ मध्ये लिहिला.

जर्मनीच्या लाइबनिट्सने हेच शास्त्र स्वतंत्रपणे शोधले. समाकलनाचे आजचे चिन्ह, तो लांबट एस, त्याच्या १६७५ च्या कागदांत आढळतो. पण त्याने छापले केव्हा? अवकलन १६८४ साली आणि समाकलन १६८६ साली.

तात्पर्य, सुटीने या लोकांना ज्ञान दिले नाही, निवांतपणा दिला. बी आधीच पेरलेले होते.

आता हिशेब मांडू. एका सत्राच्या साठ तासिका धरा. पंधरा आठवड्यांत त्या आठवड्याला चार पडतात, आठ आठवड्यांत साडेसात. घरी सोडवायची उदाहरणे तेवढीच राहतात, दिवस मात्र निम्मे होतात. म्हणून तिकडे एक दिवस बुडाला की तो दोन दिवसांसारखा बुडतो.

मी हे कोरडे ज्ञान सांगत नाही. विज्ञान शाखेत असताना याच समाकलनाने मला नापास केले. वर्षभर वही उघडली नाही आणि शेवटच्या पंधरा दिवसांत सारे पाठ करू गेलो. सूत्रे पाठ झाली, पण कोणते कुठे लावायचे ते कळेना. दोष विषयाचा नव्हता, शिकवणाऱ्यांचा तर मुळीच नव्हता. मग मी इतिहासाकडे वळलो.

गुरुजींना मी लिहिले, "मुलीला खुशाल बसू द्या, पण तीन अटींवर. वर्ग सुरू होण्याआधी पहिला भाग पुन्हा हातातून जाऊ द्या. त्या आठ आठवड्यांत दुसरा विषय नको आणि नोकरीही नको. आणि आजची उदाहरणे आजच सोडवायची. हे जमणार नसेल तर नियमित सत्रच बरे. नापास झाली तर फी दोनदा भरावी लागेल, आणि मुलीचा धीर खचेल तो निराळाच."

आठ दिवसांनी त्यांचे कार्ड आले. त्यावर एवढेच होते : "तिने उन्हाळ्यात दुकानात कामही धरले होते. ते सोडायला सांगितले आहे. चार पैसे कमी आले तरी चालतील."

वाचकहो, त्या गुरुजींना हिशेब कळला होता.